तुरटी, लाल दवा आणि टीसीएल : जालन्याच्या पाण्याची गोष्ट

जालन्याच्या बाजारात एखाद्या जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन आपण तुरटी मागितली, तर दुकानदार गोणीत हात घालतो, एक पांढरा खडा काढतो आणि तराजूत टाकतो. काय कामासाठी हवी, हे तो विचारत नाही. दाढीनंतर लावायला असेल, पापडखारात घालायला असेल, नाहीतर पाण्यात फिरवायला असेल. त्याच वेळी दुकानासमोरून थंड पाण्याचे वीस वीस लिटरचे जार लादलेली एखादी छोटी गाडी जाते. आणि जिल्ह्यातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीच्या खोलीत डोकावलात, तर कोपऱ्यात पांढऱ्या भुकटीचे एक पोते दिसते. गावकरी तिला टीसीएल म्हणतात.

तुरटीचा खडा, पाण्याचा जार आणि टीसीएलचे पोते या तिन्हींचा वरकरणी एकमेकांशी संबंध दिसत नाही. परंतु पाणी शुद्ध करणाऱ्या द्रव्यांचा जो व्यापार आहे, त्याच्याच या तीन पिढ्या आहेत. मी इतिहासाचा मास्तर. दहावीनंतर रसायनशास्त्राशी माझा संबंध तुटला. तेव्हा या द्रव्यांत काय काय असते, एवढेच सांगून मी थांबणार नाही. मला विचारायचा आहे तो इतिहासाचा प्रश्न : हे औषध आजवर कोणी विकत घेतले, कोणासाठी घेतले, आणि ते पाण्यात पडले की नाही हे कोणी पाहिले?

आरंभ घरापासून करू. आपल्याकडे पाणी निवळवणे हे पूर्वापार घरचे काम. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळवणाऱ्या सात वस्तू सांगितल्या आहेत. कतक म्हणजे आपली निवळी, गोमेद, कमळाच्या देठाची गाठ, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि स्फटिकमणी. यातले मोती आणि मणी राजेरजवाड्यांना सोडून देऊ. निवळीचे बी आणि फडके मात्र गोरगरिबांच्या घरात पोचले आणि टिकले. बी घागरीच्या आतल्या अंगाला घासायचे, वर पाणी ओतायचे आणि रात्रभर हलवायचे नाही. सकाळी गाळ तळाशी बसलेला असे. ही गोष्ट इतकी सर्वांच्या परिचयाची होती की, मनुस्मृतीने तिचा दृष्टान्तही दिला आहे. निवळीचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, तसे नुसत्या बाह्य चिन्हांनी धर्म होत नाही, असा त्याचा आशय. ही निवळीची गोष्ट ध्यानात ठेवा. शेवटी आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

सुश्रुताच्या या यादीत तुरटी नाही. ती पुढे बाजारातून घरात आली. कच्छमध्ये जुन्या काळापासून तुरटी तयार होत असे आणि व्यापाऱ्यांच्या बरोबर ती देशभर जाई. तुरटी काय करते? गढूळ पाण्यात मातीचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. या सर्व कणांवर सारख्याच प्रकारचा ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात आणि खाली बसत नाहीत. तुरटीतल्या ॲल्युमिनियममुळे हा भार मोडतो. त्याचबरोबर पाण्यात कापसाच्या पिंजलेल्या पुंजक्यांसारखा एक चिकट साका तयार होतो. तो कणांना कवटाळून तळाशी बसतो. निवळीच्या बियातली द्रव्येही थोड्याफार फरकाने हेच काम करतात. म्हणजे आजीच्या घागरीत जे होत होते, तेच आज मोठमोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत होते. फरक आहे तो फक्त मापाचा.

आता जालन्याकडे वळू. 'जालना, सोने का पालना' असे या गावाबद्दल म्हणतात. कुंडलिका नदीच्या काठचे हे व्यापारी शहर. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात, जमशेदखान नावाच्या अंमलदाराने येथे काळी मशीद बांधली. तिचा काळ १५७८ सांगतात. त्यानेच गावाच्या पश्चिमेला मोती तलाव बांधला आणि तेथून जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत पाणी आणले. पुढे निजामी राजवटीत घाणेवाडीचा तलाव झाला, आणि त्याचेही पाणी उताराने, कुठल्याही यंत्राशिवाय, शहरात येऊ लागले. या बांधकामांचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. पण एक लक्षात घ्या. जमशेदखानाने पाणी आणून दिले. ते निवळवायचे काम ज्याच्या त्याच्या घरी, ज्याच्या त्याच्या घागरीत राहिले. पाणी आणणे राजाचे काम आणि ते स्वच्छ करणे गृहिणीचे, अशी ती वाटणी होती. तुरटीचा गिऱ्हाईक म्हणजे एकेक घर.

ही वाटणी मोडली ती पटकीने. १८१७ साली बंगालमध्ये जेसोरच्या बाजूला या रोगाची मोठी साथ उसळली. १८१८ मध्ये ती दख्खनेत उतरली आणि त्याच वर्षी मुंबईला पोचली. फौजा, व्यापारी तांडे आणि यात्रेकरू ज्या वाटांनी जात, त्याच वाटांनी ती गेली. आणि जालना तर नेमके अशा वाटेवरचे गाव. १८२७ साली येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी वसली आणि १९०३ साली तेथली फौज हलवण्यात आली. तोवरची पाऊणशे वर्षे हे फौजेचे ठाणे होते. जेथे फौज, तेथे पटकीचे भय. आपल्या खेड्यापाड्यांत या रोगाला मरीआईचा कोप म्हणत आणि मरीआईचा गाडा वेशीबाहेर, पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडत. हा उपाय हास्यास्पद म्हणून सोडून देऊ नका. रोग एका गावातून दुसऱ्या गावात जातो, हे निरीक्षण त्यात होतेच. तो कशातून जातो, एवढे मात्र कळलेले नव्हते.

ते कळायला १८५४ साल उजाडावे लागले. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाच्या पाण्याने पटकी पसरते, हे जॉन स्नो या डॉक्टराने घरोघर फिरून दाखवून दिले. पुढे १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने आपल्याच कलकत्त्यात पटकीच्या जंतूवर अभ्यास केला आणि तेथील एका तळ्याच्या पाण्यात तो जंतू सापडला. येथे निवळीची आणि तुरटीची मर्यादा उघडी पडली. निवळ पाणी आणि शुद्ध पाणी या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या. आरशासारख्या स्वच्छ पाण्यातही मरण असू शकते, आणि ते डोळ्याला दिसत नाही. ज्या गृहिणीने हजारो वर्षे डोळ्याने पाणी पारखले, तिच्या हातून ती पारख गेली. ती प्रयोगशाळेकडे गेली आणि प्रयोगशाळेबरोबर सरकारकडे.

सरकारचे पहिले औषध होते पोटॅशियम परमँगनेट. आग्ऱ्याला प्रयोगशाळा चालवणाऱ्या अर्नेस्ट हँकिन या जंतुशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात विहिरींत हे द्रव्य टाकण्याचा पुरस्कार केला. जांभळे-काळे खडे बादलीत विरघळवायचे, ती बादली विहिरीत सोडून हलवायची आणि पाण्याला गुलाबी रंग टिकेपर्यंत हे करीत राहायचे. आमच्या भागात याला लाल दवा म्हणत. माझी आजी अंबड तालुक्यातल्या एका खेड्यातली. तिच्या लहानपणी, म्हणजे निजामी अमलात, लाल दवेचा माणूस गावात आला की बाया आधी धावत जाऊन घागरी भरून ठेवीत. मी तिला एकदा विचारले, "आजी, असं का? ते तर औषध होतं ना?" ती म्हणाली, "आरं, आम्हाला कोन सांगितलं? हिरीचं पानी रक्तावानी व्हायचं. आम्ही म्हनायचो, हिर बाटविली."

आजीचे हे उत्तर मी वर्गात नेहमी सांगतो. औषध योग्य होते, हेतूही चांगला होता, पण ज्याच्या पाण्यात ते टाकायचे त्याला कोणी चार शब्द सांगितले नाहीत. म्हणून ऐन साथीत लोक जुने, दूषित पाणी साठवून ठेवीत आणि तेच पीत.

लाल दवेची जागा पुढे ब्लीचिंग पावडरने घेतली. ही भुकटी मूळची पाण्यासाठी नव्हेच. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ मध्ये तिचे पेटंट घेतले ते कापड पांढरे करण्यासाठी. चुनखडी भाजून तयार केलेल्या विरीच्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडला की ती तयार होते. जवळजवळ शंभर वर्षे ती गिरण्यांत कापड धूत होती. १८९७ साली इंग्लंडमधल्या मेडस्टोन गावात विषमज्वराची साथ आली, तेव्हा तेथले नळ या भुकटीने निर्जंतुक करण्यात आले. १९०८ पासून अमेरिकेतल्या जर्सी सिटी शहराच्या पाण्यात क्लोरीनचे द्रव्य कायमचे मिसळणे सुरू झाले. पहिल्या महायुद्धात विल्यम हॉरॉक्स या इंग्रज लष्करी डॉक्टराने एक साधी पेटी तयार केली. सहा पांढरे पेले, एक काळा पेला आणि निळा रंग दाखवणारे द्रव्य. कोणत्या पाण्याला किती भुकटी लागेल, हे शिपाईगडीसुद्धा त्या पेटीने ठरवू शके. सार्वजनिक आरोग्य शिकणारे विद्यार्थी आजही ही पेटी वापरायला शिकतात.

आपल्याकडे आरंभी ही भुकटी विलायतेहून येई. देशात मेट्टूर केमिकल्स १९३६ मध्ये आणि मिठापूरचे टाटा केमिकल्स १९३९ मध्ये स्थापन झाले. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून सोडा आणि क्लोरीन काढण्याचा उद्योग देशात रुजला तो याच सुमारास. या व्यापारातली एक मेख येथे सांगायला हवी. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की एका बाजूला कॉस्टिक सोडा निघतो आणि दुसऱ्या बाजूला क्लोरीन. एक टन सोड्यामागे जवळजवळ ८८० किलो क्लोरीन निघतोच, तो कोणाला हवा असो वा नसो. सोडा साबणाला लागतो, कागदाला लागतो, कापडाला लागतो. क्लोरीन विषारी वायू. तो साठवून ठेवणे अवघड. म्हणून कारखानदाराला त्याचे काहीतरी करावेच लागते. आपल्या विहिरीत पडणारी भुकटी इतकी स्वस्त का, याचे बरेचसे उत्तर येथे आहे. आपण साबण वापरतो, म्हणून गावाला पाण्याचे औषध स्वस्तात मिळते.

१९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. १९८१ मध्ये जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. या प्रवासात पाण्याच्या औषधाचा गिऱ्हाईक बदलला. तो आता एकेक घर नव्हता. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद हे नवे गिऱ्हाईक. तुरटी खड्याने विकली जाई, ती आता लाद्यांनी आणि टनांनी, निविदा मागवून घेतली जाऊ लागली. निवळवण्याचे आणि निर्जंतुक करण्याचे काम पहिल्यांदाच सर्वांनी मिळून, सर्वांच्या पैशाने करायचे ठरले. इतिहासाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

नागपूरला १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. आज तिला आपण नीरी म्हणून ओळखतो. या संस्थेने विहिरींसाठी दोन मडक्यांची एक युक्ती सांगितली. एका मडक्यात दुसरे मडके. आतल्या मडक्यात एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाड वाळू किंचित ओली करून भरायची. दोन्ही मडक्यांना एकेक भोक. ही जोडी विहिरीत पाण्याखाली सोडून ठेवली की, लहान घरगुती विहिरीला दोन-तीन आठवडे सावकाश औषध मिळत राहते. कुंभार, वाळू, सुंभ आणि भुकटी. याहून साधे काय असणार? पण मडके कोणी उतरवायचे आणि तीन आठवड्यांनी कोणी पुन्हा भरायचे, हा प्रश्न कुंभाराच्या हातचा नव्हता.

तो प्रश्न किती मोठा, हे मी अकरा वर्षांचा असताना पाहिले. आमच्या गावाचे नाव मी सांगत नाही, कारण ती गोष्ट कुठल्याही गावाची असू शकते. १९९० च्या आसपासचा पावसाळा. गावात जुलाब-उलट्यांची साथ आली. माझ्या शेजारी बाकावर बसणारा मुलगा शुक्रवारी शाळेत होता आणि सोमवारी नव्हता. दोन दिवसांनी तालुक्याहून आरोग्याची माणसे आली. त्यांनी कुलूप लावलेली खोली उघडायला लावली. आत भुकटीचे पोते होते. उंदरांनी कुरतडलेले, ओल लागून दगडासारखे झालेले. त्या माणसांतल्या वयस्कर गृहस्थांनी एक ढेप फोडून नाकाशी धरली आणि म्हणाले, "वासच नाही हिला." त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नाही. ताज्या भुकटीत सुमारे ३३ टक्के उपयोगी क्लोरीन असतो. हवा, ऊन आणि ओल लागली की तो उडून जातो. जो वास नाकाला झोंबतो, तोच औषधाचा जीव. वास गेला की उरतो तो चुना. गावाच्या हिशेबात भुकटी खरेदी झालेली होती. कागद चोख होता. पाण्यात मात्र काहीच पडलेले नव्हते.

आपण एक गणित करून पाहू. सहावीतल्या मुलाला येईल असे आहे. हजार वस्तीचे गाव धरा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी हे माप धरले आहे. म्हणजे रोज ५५,००० लिटर. बऱ्यापैकी निवळ पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम चांगली भुकटी पुरते. म्हणजे दिवसाला सुमारे १३८ ग्रॅम. वर्षाला झाली पन्नास किलो. पंचवीस किलोची दोन पोती! पाणी दूषित असेल आणि मात्रा दुप्पट करावी लागली, तरी चार पोती. हजार माणसांचे वर्षभराचे रक्षण दोन ते चार पोत्यांत होते. आमच्या गावाला ती पोती मिळाली नव्हती असे नाही. पोते खोलीत पोचले, विहिरीत पोचले नाही. एवढाच फरक.

आता या कथेत जालन्याने स्वतः काय भर घातली, तेही सांगितले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे आपल्या कातळात खोल बोअर घेणे सुरू झाले. पण विलायती धर्तीचे ओतीव लोखंडाचे हातपंप गावच्या वापराला टिकत नसत, सारखे मोडत. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनच्या पाण्याच्या कामातून एक दणकट पंप तयार झाला. तो जालना पंप म्हणून ओळखला गेला. त्याच वळणावर पुढे सोलापूर पंप आला, आणि त्यावरून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क टू' हा हातपंप सिद्ध झाला. युनिसेफच्या मदतीने तो भारतभर आणि भारताबाहेरही गेला. खोल बोअरच्या पाण्याला बहुधा औषध लागत नाही, कारण जंतू तेथवर पोचत नाहीत. म्हणजे ज्या खोलीतल्या पोत्यावर भरवसा ठेवता येत नव्हता, त्या पोत्याची गरजच काही काळ या पंपाने कमी केली.

नारूचेही तसेच. पायऱ्यांच्या बारवेत उतरून लोक पाणी भरीत, पायाची जखम पाण्याला लागे आणि नारू पसरे. त्यावर अबेट या नावाने ओळखले जाणारे टेमेफॉस हे औषध पाण्यात मोजून टाकण्यात आले, पायऱ्यांच्या विहिरी बंद किंवा दुरुस्त करण्यात आल्या आणि पाणी फडक्यातून गाळून प्यायला शिकवण्यात आले. नारूग्रस्त राज्यांत महाराष्ट्रही होता. देशातला शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. पाहा बरे, सुश्रुताच्या यादीतले वस्त्र येथेही कामाला आले! येथे औषध होते, फडके होते, आणि गावोगाव फिरून सांगणारा माणूसही होता. तिन्ही एकत्र आली म्हणून रोग गेला.

परंतु हातपंपाचे सुख फार काळ टिकले नाही. बोअर वाढले, पाणी खोल गेले. काळ्या कातळातले खोल पाणी जंतूंपासून सुरक्षित असले तरी पुष्कळदा जड असते, क्षारांचे असते. डाळ शिजत नाही, भांड्याला पांढरे पापुद्रे धरतात. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा राज्यातल्या सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. टँकर आले. आणि टँकरच्या पाठोपाठ जार आले.

जारच्या पाण्यामागचे शास्त्र उलट परासरणाचे, ज्याला सर्वजण आरओ म्हणतात. पाण्यावर दाब देऊन ते एका पातळ पडद्यातून ढकलायचे, म्हणजे क्षार मागे राहतात. १९५९-६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब यांच्याबरोबर हा व्यवहार्य पडदा तयार करणारे दुसरे संशोधक श्रीनिवास सौरीराजन हे आपल्या देशाचे होते. या पडद्यावर क्षार साचू नयेत म्हणून पाण्यात अँटिस्केलंट नावाचे द्रव्य थेंबाथेंबाने सोडावे लागते. त्याच जातीची द्रव्ये लोखंडाच्या कारखान्यांनाही लागतात, कारण भट्ट्या गार ठेवणारे पाणी नळ्यांत क्षार धरून चालत नाही. आणि जालना तर लोखंडी सळयांच्या कारखान्यांचे गाव. तेव्हा जिल्ह्यात पाण्याच्या औषधांना आज तीन गिऱ्हाईक आहेत. एक सरकारी, तुरटी आणि क्लोरीन घेणारा. दुसरा कारखानदार. तिसरा जारवाला. तुरटीलाही आता पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड नावाची धाकटी बहीण आली आहे. तिची मात्रा कमी लागते आणि साका लवकर बसतो, म्हणून अनेक केंद्रे तिच्याकडे वळली आहेत.

जारवाल्याला मी नावे ठेवणार नाही. नळ कोरडा असताना त्याने पाणी दिले. पण दोन गोष्टी समजून घ्या. आरओच्या पडद्याला क्लोरीन सोसत नाही, म्हणून तो आधीच गाळून काढतात. परिणामी जारच्या पाण्यात रक्षणाला क्लोरीन उरत नाही. जार धुतलेला नसला, झाकण उघडे राहिले किंवा भांड्यात हात बुडाला, तर ते पाणी पुन्हा बाटते आणि ते थोपवणारे आत काही नसते. दुसरे असे की, या यंत्रातून जेवढे पाणी गोड होऊन निघते, त्याच्या जोडीला बरेचसे खारे पाणी गटारात जाते. दुष्काळी मुलखात हा खर्च लहान नाही. आणि पैशाचे म्हणाल, तर जारला वीस रुपये धरले आणि घरात रोज एक जार घेतला, तर वर्षाला ७,३०० रुपये झाले. मघाचे गणित आठवा. हजार माणसांना वर्षभर पुरणारी भुकटी दोन ते चार पोती होती.

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन एका जलशुद्धीकरण केंद्रावर गेलो होतो. धरणाचे लाल गढूळ पाणी येत होते. तेथल्या एका अनुभवी कर्मचाऱ्याने सहा काचपात्रांत तेच पाणी घेतले, प्रत्येकात तुरटीचे वेगळे माप टाकले आणि ढवळणी सुरू केली. पाचदहा मिनिटांत पुंजके दिसू लागले. चौथ्या पात्रात ते सर्वांत आधी बसले. "आज हे माप," तो म्हणाला. एका मुलीने विचारले, "काका, क्लोरीनच भरपूर टाकला तर तुरटी कशाला?" तो हसून म्हणाला, "बाळा, गढूळ पाण्यात जंतू मातीआड लपून बसतात. क्लोरीन मातीशीच भांडत बसतो आणि संपून जातो. आधी पाणी निवळायचं, मग मारायचं." सुश्रुत आणि कॉख यांची इतकी सोपी सांगड मला कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती. निघताना तो म्हणाला, "सर, आमचं काम गेटापर्यंत. पुढं पाइप फुटला, गटाराशेजारून गेला, तर इथलं औषध पुरं पडत नाही. घरच्या नळाला बघा."

वाचकहो, आपल्याला मी तेच सांगतो. घरच्या नळाला बघा. आपल्या पेयजलाच्या मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा लागतो. तो आहे की नाही हे दाखवणारी लहानशी पेटी फार महाग नसते. पाण्यात थेंब टाकले की रंग येतो, आणि रंगाच्या पट्टीशी तो ताडून पाहायचा. रंग आला नाही तर विचारायला जा. ग्रामपंचायतीत जा, महानगरपालिकेत जा, रागाने नव्हे, पण जा. भुकटी केव्हा आली, कुठे ठेवली आहे, कोण टाकतो, किती टाकतो, असे विचारा. पोत्याला वास आहे का, तेही पाहा. ग्रामसभेत पाण्याच्या योजनेवर आपण तासभर भांडतो. या दोन पोत्यांबद्दल कोणी पाच मिनिटे बोलत नाही.

आजीच्या काळी लाल दवा विहिरीत पडत होती, पण लोकांना कोणी सांगितले नव्हते. माझ्या लहानपणी सगळ्यांना सांगितलेले होते, पण भुकटी विहिरीत पडत नव्हती. आज ज्याच्या खिशात पैसे आहेत, तो आपल्यापुरता जार घेतो, आणि नळाला काय येते हे पाहणे सोडून देतो. मग नळाच्या पाण्यासाठी बोलणारा उरतो कोण? ज्याला जार परवडत नाही तो. आणि त्याचे ऐकतो कोण?

मनुस्मृतीतला निवळीचा दृष्टान्त मी मुद्दाम आपल्याला लक्षात ठेवायला सांगितला होता. निवळीचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. तसेच टीसीएलची खरेदी कागदावर दाखवल्याने विहीर शुद्ध होत नाही. बी घागरीला घासावे लागते. आमच्या वर्गातला तो मुलगा आज असता, तर माझ्याच वयाचा असता.